उपरण्याखालचा हात

अमरावतीच्या वैद्यबुवांनी मला हे लिहायला बसवलं. ते म्हणाले, "तुझ्यासारखे पुष्कळ येतात आताशा. सगळे बाजारातले. छाती धडधडते, झोप नाही, अन्न जात नाही. मी सांगतो ते त्यांना खरं वाटत नाही, कारण मी बाजारात कधी बसलो नाही. तू बसला आहेस. तू लिही, मी वाचून दाखवीन."

मी म्हटलं, बुवा, माझी शाळा तिसऱ्या यत्तेत सुटली.

"ज्यांना वाचून दाखवायचं त्यांची तिथवरही गेली नाही," ते म्हणाले.

तेव्हा लिहितो. यात फार मोठं काही घडत नाही. मला पटकी झाली नाही, देवी आल्या नाहीत. मी दमलो होतो. दमण्याचाही आजार होतो आणि तो माणसाला आडवा करतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे.

बोटांचं काम

माझं गाव राजापूरच्या खाली, खाडीकाठी. वडील गेले तशी शाळा सुटली, आणि एका नातेवाइकाच्या मागोमाग घाट चढून मी वऱ्हाडात आलो. बायको आणि आई गावीच राहिल्या. तेव्हा अमेरिकेत लढाई पेटलेली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, त्यामुळे इकडच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीला एका शेठजींच्या पेढीवर मला काम मिळालं. आधी गाड्या उतरवून घ्यायच्या, मग सरकी काढलेली रुई पारखायची, आणि शेवटी शेठजींचा विश्वास बसल्यावर उपरण्याखाली हात घालायचा.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याचा माणूस आणि विकणाऱ्याचा दलाल समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर एक उपरणं पडतं, आणि खाली बोटं धरून, दाबून भाव ठरतो. भोवती गर्दी असली तरी दलालानं उपरणं काढून भाव पुकारेपर्यंत कुणाला काही कळत नाही. वरून दोघं एकमेकांच्या घरची खुशाली विचारत असतात. आणि नियम असा, की उपरण्याखाली दाबलेलं बोट हा शब्द झाला. तो परत घ्यायचा नाही. चूक झाली, हात घसरला, असं म्हणायची सोय नाही. असं एकदा म्हटलेल्या माणसाच्या हातावर पुन्हा कुणी उपरणं टाकत नाही.

मला हे काम आवडायचं. अर्धवट शिकलेल्या माणसाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळणार होता?

पण दिवस कसा जायचा तेही सांगतो. पहाटे वेशीवर गाड्यांची चाकं वाजली की उठायचं. तोंडावर पाणी मारून लगेच तंबाखूची चिमूट, उपाशी पोटी. मग बाजार. जेवण बाजार उठल्यावर, आणि बाजार कधी उठेल ते देवाला ठाऊक. मुंबईहून तार यायची, भाव चढला, भाव उतरला, आणि अख्खं गाव तिच्या मागे धावायचं. देवळात भाव, न्हाव्याकडे भाव, प्रेताबरोबर चालतानाही भाव. रात्री पाठ टेकली तरी माझी बोटं अंथरुणावर आपोआप दबायची.

माझा आजार सर्वांत आधी कळला तो उकंडाजींना. हे म्हातारे दलाल, इथलेच, आणि आठवड्यातून कितीदा तरी माझा हात त्यांच्या हातात असायचा. एकदा सौदा चालू असताना ते वर बघून हसत हसत म्हणाले, "गड्या, तुहा हात मढ्यावानी थंडा लागून राहिला."

मी म्हटलं, सकाळी गारवा होता.

"गारवा मलेही होता. जेवला कवा तू?"

"बाजार उठल्यावर जेवतो."

"जाय, भाकर खाऊन ये. मढ्याचा हात धरून मले भाव सुचत नाई."

भोवतालचे हसले. मीही हसलो आणि गेलो नाही.

अकोला

मग लढाई संपली. तिकडचा कापूस पुन्हा निघणार म्हणाले आणि इकडे भाव कोसळायला लागला. त्याच दिवसांत शेठजींनी मला अकोल्याच्या बाजारात बसवलं. तिथे ओळखीचं कुणी नाही, बसायला कुणाच्या तरी दुकानाचा कोपरा. कधीकधी छातीत असं धडधडायचं, की समोरच्याला ऐकू येईल म्हणून मी मोठ्यानं बोलायचो. हात थरथरायचा. उपरण्याखाली होता म्हणून लोकांना दिसत नव्हता.

पण ज्याच्या हातात होता त्याला लागत होता. तिथल्या एका दलालानं ती थरथर माझी बोली म्हणून धरली. मी बोट दाबलं नव्हतं, ते आपणहून दबलं होतं. त्यानं उपरणं काढलं आणि भाव पुकारला. मी ऐकला. तो मी दिलेला भाव नव्हता. माझं तोंड उघडलं होतं, पण नियम माहीत असल्यामुळे शब्द निघाला नाही. छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं, कानात भुंगे गुणगुणले, आणि पुढचं मला आठवतं ते दवाखान्याचं छत.

मी मरतो आहे याबद्दल मला शंका नव्हती. डाक्तरसाहेब आले, छातीला लाकडी नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मी डोळे मिटून आईला काय निरोप द्यायचा ते जुळवत होतो. ते म्हणाले, "दिल ठीक है. कुछ नहीं हुआ तुमको."

ज्याला असं ऐकल्यावर आनंद होईल त्यानं तो आजार भोगलेला नाही. मला लाज वाटली. काही झालं नव्हतं, तर मी तिथे खाट अडवून पडलो होतो कशाला?

दवाखान्यात पहाटे झाडू फिरायचा, मग कडू औषध, मग कांजी, मग डाक्तरसाहेब, मग संध्याकाळपर्यंत छताकडे बघणं. भिंतींना नवा चुना दिलेला होता, त्याचा वास नाकात बसायचा. शेजारच्या खाटेवर हिवरखेडचा किसन गाडीवान होता. भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं होतं. पायाला फळ्या बांधलेल्या, आणि तोंड दिवसभर चालू.

"तुले काय झालं?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

"काही नाही म्हणतात."

"मंग काहून रडून राहिला?"

मला वाटत होतं मी भिंतीकडे तोंड केलं आहे म्हणजे दिसत नाही. मी म्हटलं, ठाऊक नाही.

किसननं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "आमचा एक बैल होता. पाय साबूत, दात साबूत, पन चारा खाये ना. माह्या बुढ्यानं पाह्यलं अन् म्हने, याच्या मानेवरचं जू उतरवा. आमी म्हनलं, बाबा, जू तं कवाचंच उतरवलं, गोठ्यात बांधेल हाय तो. बुढा म्हने, हाओ, पन बैलाले कोनी सांगतलं का?"

मी त्या दिवशी कांजी संपवली. एवढंच. पण ती गोष्ट माझ्याबरोबर राहिली.

शेठजी स्वतः आले नाहीत, मुनीम आला. मला वाटलं, आता झालं. पण त्यानं सांगितलं ते असं: अकोल्याचा सौदा शेठजींनी पाळला, तोटा सोसला, त्याबद्दल बोलणार नाहीत. माणूस असा टाकायचा नाही हा त्यांचा धर्म. मात्र थरथरता हात उपरण्याखाली चालणार नाही. दिवाळीपर्यंत गाड्या उतरवून घ्यायच्या, मग नवा कापूस येईल, तेव्हा मुहूर्ताचा सौदा मी करायचा, सगळ्या बाजारासमोर. हात स्थिर राहिला तर जागा माझी. नाही राहिला तर कोकणात परत, वाटखर्च शेठजींचा.

मी मुनिमाचे पाय धरले. तो गेल्यावर पुन्हा छाती धडधडायला लागली.

वैद्यबुवा

रिकाम्या परतणाऱ्या एका गाडीतून मी अमरावतीला आलो. सखूमायच्या ओसरीवर मी भाड्यानं राहत असे. तिचा नवरा शेतावर असायचा, मुली सासरी. मला गाडीतून उतरताना बघून ती म्हणाली, "आला का बाप्पा. धुतल्या फडक्यावानी झाला की रे." आणि दुसऱ्या सकाळी तिनंच मला वैद्यबुवांकडे नेलं.

बुवांनी नाडी धरली. माझा हात पुन्हा कुणाच्या तरी हातात, तो लगेच थरथरला. बुवांनी हात सोडला नाही. मग विचारलं, "उठतोस कधी?"

"गाड्या आल्या की."

"जेवतोस कधी?"

"बाजार उठला की."

"झोपतोस कधी?"

"पाठ टेकतो..."

"पाठ टेकतोस कधी ते विचारलं नाही."

मी आठवायला लागलो.

"तुझ्या अंगाला स्वतःची सकाळ नाही, दुपार नाही. सगळं तारेवर टांगलेलं," बुवा म्हणाले. "चूर्ण देतो, पण त्यावर विसंबू नकोस. दिवस परत मिळव."

मला मोठं औषध हवं होतं. सोन्याचा वर्ख, भस्म, काहीतरी. त्यांनी जे दिलं ते ऐकून मी निराश झालो. सूर्य उगवायच्या आत वेशीबाहेर चालून यायचं. तंबाखू बंद. बाजारात जाण्याआधी ज्वारीची आंबील. दुपारचं जेवण रोज ऊन डोक्यावर आलं की, गाड्या थांबल्या तरी थांबू द्यायच्या. निजताना तळपायांना तेल लावून काशाची वाटी फिरवायची. छाती उडायला लागली की हात पोटावर ठेवून श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायचा जास्त. आणि शेवटचं त्यांनी सखूमायकडे बघून सांगितलं: "घरात दिवा लागला की भावाची गोष्ट बंद. चांगली नाही, वाईट नाही, कुठलीच नाही. हे तुम्ही पाळून घ्या."

"पायून घेईन," सखूमाय म्हणाली. कोतवाली मिळाल्यासारखी ती ताठ झाली.

कंटाळा

आता जे लिहितो ते बुवांना फारसं आवडणार नाही, पण वाचून दाखवा म्हणतो. या सवयींचा कंटाळा येतो. तापाला उतार पडतो तसा यात उतार दिसत नाही. पहाटे पावलं ओढत वेशीबाहेर जायचं, ज्वारीच्या ताटांमधून वारा येतो, बरं वाटतं, आणि परत येताना पहिली गाडी दिसली की मन भावाचा हिशेब करायला लागतं. तंबाखू सुटली तेव्हा डोकं असं दुखलं की मी सखूमायवर खेकसलो. माझ्यासाठी ती रोज आंबील ढवळत होती आणि मी तिला म्हटलं, ही गुरांना घाला.

"गुरांले देली असती तं ते आतापावतर धष्टपुष्ट झाले असते," ती म्हणाली आणि वाडगा समोर ठेवला. "भात खाऊन खाऊन तुहा हात भातावानीच झाला, मऊ अन् हलता."

मी प्यायलो. आंबट, कोमट, पोटात उतरली की आत कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं.

तळपायांना काशाची वाटी फिरवायला मी आधी लाजलो. मग तेच सर्वांत गोड झालं. घरापासून इतक्या लांब माझ्या पायांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं.

दिव्याचा नियम मात्र मी एकदा मोडला. पावसाळ्याच्या अखेरीस गावात ओरडा झाला, मोठी तार आली. दिवा लागलेला होता. मी चपला घालून दारात. सखूमायनं अडवलं नाही. तिनं कोनाड्यातला दिवा उचलून माझ्या हातात दिला. "जाय. अंधारात ठेचकाळशीन. पाहून ये, तुह्या गेल्यानं तार फिरते का."

मी गेलो. भाव आणखी उतरला होता. तो मी घरी बसलो असतो तरी उतरलाच असता. परत आलो तेव्हा हातातला दिवा असा थरथरत होता की तेल माझ्या मनगटावर सांडलं. ती अंधारात बसून होती, कारण दिवा माझ्याकडे होता. पुन्हा मी गेलो नाही.

गावाकडचंही सांगायला हवं. मी घरी कळवलं नव्हतं. पण आमच्याकडचा एक वाणी बाजारात येऊन गेला, त्यानं मला पाहिलं आणि तिकडे जाऊन सांगितलं. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा त्याच्याकडे आमसुलांची पुरचुंडी होती आणि दोन निरोप होते. आई म्हणाली होती, इतक्या लांब गेलास तर हात हलवत परत येऊ नकोस. बायको म्हणाली होती, "'या' असं मी म्हणायची नाही. पण आलात तर दार लावलेलं नसेल."

दोन्ही निरोप ऐकून मी रात्रभर जागा राहीन असं मला वाटलं होतं. आमसुलाचं सार सखूमायनं केलं, तोंड वाकडं करत प्यायली, म्हणाली, "तुह्या मुलखात सारं आंबटच हाय का?" मला हसू आलं. आईचा निरोप बोचत राहिला. बायकोचा खाली मऊ अंथरल्यासारखा राहिला. त्या दोहोंवर मी झोपलो.

हळूहळू असं व्हायला लागलं, की दुपारी भुकेची वेळ झाली की भूक लागायची. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला कित्येक दिवसांत भूक लागली नव्हती, मी फक्त जेवत होतो. चालताना कधी कधी वेशीबाहेरची टिटवी ऐकू यायची, म्हणजे ती आधीही ओरडत असणार. आणि एका संध्याकाळी दिवा लागला तेव्हा माझे खांदे आपोआप खाली आले. किसनच्या बैलाला कुणीतरी सांगितलं होतं.

मुहूर्त

दिवाळी झाली, नवा कापूस आला. पहिल्या गाडीच्या बैलांना झुली, शिंगांना गोंडे. त्या सकाळी मी चालून आलो, आंबील प्यायलो. सखूमायनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि एवढंच म्हणाली, "दुपारी जेवाले ये. मुहूर्त असो का काई असो."

बाजारात सगळे होते. शेठजी गादीवर. समोरून विकणाऱ्याच्या बाजूनं बसले उकंडाजी. उपरणं पडलं. मी हात घातला, त्यांनी धरला, आणि वरून विचारलं, "काय म्हनते कोकन?"

"बरं आहे," मी म्हटलं, आणि तेवढ्यात खाली हात थरथरला.

सगळं परत आलं. अकोल्याचा तो कोपरा, कानातले भुंगे. मला माहीत होतं की अजून बोट दाबलं नाही, आणि हेही माहीत होतं की आता ते आपणहून दबेल. तेव्हा मी जे केलं ते आमच्या बाजारात कुणी करत नाही. मी हात बाहेर काढला. भाव ठरण्याआधी हात काढणं म्हणजे समोरच्याचा अपमान. गर्दी जवळ सरकली. मी म्हटलं, "उकंडाजी, जरा थांबा. पाणी पितो."

कुणीतरी मागून म्हणालं, "गेला कोकनात."

उकंडाजींनी आपला हात उपरण्याखालून हलवला नाही. "पेऊ द्या ना," ते म्हणाले. "मी काय पयून राहिलो का? कापूस पयून राहिला का?"

मी उठलो, रांजणापर्यंत गेलो, पाणी प्यायलो. पाठ सगळ्यांकडे होती. हात पोटावर ठेवला. श्वास सोडला, सावकाश, पुन्हा सोडला. धडधड थांबली नाही, पण तिचा वेग उतरला, दुरून जाणाऱ्या गाडीसारखा. परत येऊन बसलो. उपरणं तिथंच पसरलेलं होतं, खाली त्यांचा हात तसाच.

मी बोटं धरली. एकेक, सावकाश, जशी मला धरायची होती तशीच. त्यांनी उत्तर दिलं. मी पुन्हा धरली. त्यांनी मान हलवली, उपरणं काढलं आणि भाव पुकारला. मी कान देऊन ऐकला. तो माझाच भाव होता.

शेठजींनी गूळ वाटायला सांगितला. मग माझ्याकडे वळले. आपल्या शेजारी गादीवर हात थोपटला, म्हणजे बस इथे. मी बसलो. 

ऊन डोक्यावर आलं तसा मी जेवायला निघालो, पण शेठजींनी स्वतःच्या ताटाशेजारी पान मांडायला लावलं. वेळेवर जेवलो, एवढं मात्र पाळलं. नंतर उकंडाजी भेटले तेव्हा मी विचारलं, हात कसा लागला?

"हालत होता थोडा," ते म्हणाले. "पन गरम होता. जित्या मानसाचा."

गाड्या येत राहिल्या. घरी पोचेतो दिवेलागण झाली. सखूमाय दारातच उभी होती, दुपारपासून वाट बघून तिचा चेहरा ओढला होता. माझं काय ठरलं ते तिला अजून कळलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर तिनं हाताचा पंजा वर केला आणि आत कोनाड्याकडे बघितलं. दिवा लागलेला होता.

"जेवून घे," ती म्हणाली.

मी जेवलो. तिनं माझ्या चेहऱ्याकडे एकदाही नीट बघितलं नाही, बघितलं असतं तर कळलं असतं. काशाची वाटी माझ्या अंथरुणाशी ठेवून ती आत गेली. मी पायांना तेल लावलं, वाटी फिरवली. सांगायची एवढी मोठी बातमी होती आणि ती सकाळपर्यंत थांबू शकत होती. ती बातमी मनात ठेवूनच मी आडवा झालो. बोटं अंथरुणावर पसरलेली होती, दबत नव्हती, आणि मला झोप लागली.